एका हातची भाकर

मला कुत्री आवडत नाहीत. आजही कोणी दारात कुत्रं बांधलेलं असलं तर मी त्या घरी लांबूनच हाक मारते. तरी दगडूखाँबद्दल लिहायला बसले, कारण त्याला ओळखणारं आता माझ्याशिवाय कोणी राहिलं नाही, आणि नातसून म्हणाली, तोंडानं सांगता ते कागदावर उतरवा. माझी शाळा चौथीपर्यंत. जमेल तसं लिहिते.

आमचं गाव सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायाशी. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मोठ्या कामाचे कागद नागपूरला जायचे. डोंगरातून बिबटं खाली यायचं, गोऱ्हे उचलायचं. त्यामुळं ज्याचं वाडगं, म्हणजे गुरं कोंडायचं काटेरी कुंपण, डोंगराकडं होतं, त्याला राखणीला कुत्रं लागायचंच. पण दगडूखाँची कुत्री म्हणजे इतरांसारखी गावरान नव्हती. वासराएवढी उंच, रुंद तोंडाची, ओठ लोंबलेले, छाती अशी की समोरून पाहिलं तर मागचे पाय दिसू नयेत. कान तो लहानपणीच छाटायचा, बिबट्याला धरायला काही राहू नये म्हणून. गळ्यात लोहाराकडून करून घेतलेला खिळ्यांचा पट्टा.

हे रक्त त्याच्याकडं आलं ते बलुची लोकांच्या तांड्यातून. घोडे विकत फिरणारे लोक होते ते. त्यांची एक कुत्री आमच्या नाल्यावर आजारी पडली, ते तिला टाकून पुढं गेले. दगडूखाँनं तिला ताकातल्या कण्या खाऊ घालून जगवलं. तिच्यापासून पुढं सगळं.

माझ्या बापाचं शेत त्याच्या शेताला लागून आणि गावात आमच्या घराची भिंत त्याच्या घराला लागून. मी त्याला चाचा म्हणायची. उंच, वाळका माणूस, पाठीत जरा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न पाहता हाताकडं पाहणारा. माझी आई म्हणायची, हा माणूस बाईच्या बांगड्या मोजत असल्यासारखा पाहतो. तो बांगड्या पाहत नव्हता. हात पाहत होता. ते पुढं येईल.

त्याच्या घरात कुत्र्याला उंबरा बंद होता. त्याची बायको अमीनाबी नमाजी बाई. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर नमाज होत नाही, हे तिनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं होतं म्हणे. म्हणून तो वाडग्यातच राहायचा आणि जुम्म्याला घरी यायचा. वाडग्यातल्या कडुनिंबाच्या फांदीला त्यानं एक मडकं टांगलं होतं. त्यात धुतलेला कुडता आणि पायजमा झाकून ठेवलेला. नमाजची वेळ झाली की कुत्र्यांना लांब बांधायचं, हात सात वेळा धुवायचे, त्यात एकदा मातीनं, मग मडक्यातले कपडे घालायचे. नमाज झाली की परत ते घडी करून मडक्यात. दिवसातून पाच वेळा हा उद्योग. माझा बाप चेष्टा करायचा.

"खाँसाब, इतके कपडे तर नवरदेव बी बदलत नाही."

"नवरदेवाले एकच दिवस राह्यते भाऊ," तो म्हणायचा. "माहं रोजचं हाय."

कुत्री माजावर आली की पहिली पाळी तो सोडून द्यायचा. दुसऱ्या पाळीला नर शोधायला निघायचा. जवळपासचा नर त्याला चालत नसे. एकदा वर डोंगरात जंगलसाहेबाच्या बंगल्यावर विलायती नर आला आहे असं कळलं. चाचानं बैलगाडी जुंपली, कुत्रीला गाडीत बसवलं, वरून ताडपत्रीची खोप केली आणि स्वतः मागं काठी घेऊन बसला. वाटेतल्या प्रत्येक गावची कुत्री गाडीच्या मागं. आमच्या गावातून गाडी निघाली तेव्हा मागं आठ-दहा होती. वरच्या गावात पोचेपर्यंत तीस झाली म्हणे. लोक रस्त्यावर येऊन पाहत होते. कोणीतरी विचारलं, "काऊन बे दगडू, वरात कोणाची?" तो म्हणाला, "पोरीची हाय. पाहुणे जास्त झाले, जेवाले नाही पुरत." तीन दिवस तो गाडीत जागा राहिला. एकाही पाहुण्याला त्यानं चाकाच्या आत येऊ दिलं नाही.

पिल्लं तो विकत नसे. विकायचा विषय काढला की उठून जायचा. मागायला आलेल्या माणसाला फक्त एक प्रश्न विचारायचा, घरात याला खाऊ कोण घालणार. एकच नाव सांगायचं. नाव सांगितलं की त्या माणसाचे हात पाहायचा. पालथे, उलथे. नखं पाहायचा. मग त्या माणसानं रोज वाडग्यात यायचं, भाकरीचा तुकडा काखेत धरून ठेवायचा, घाम लागला की तो पिल्लाला द्यायचा. चाळीस दिवस. त्या चाळीस दिवसांत पिल्लाला दुसऱ्या कोणाच्या हातचं काही मिळत नसे. मग ते त्या माणसाचं.

उंद्रीकडचा एक बडा जमीनदार एकदा टांगा करून आला होता. जरीचा फेटा, सोबत दोन गडी. चाचानं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "खाऊ कोण घालीन?"

"घरात चार नोकर आहेत. घालील कोणीतरी."

"मंग त्या नोकराले पाठवा. कुत्रं त्याले देतो."

"अरे, कुत्रं मला पाहिजे."

"तुमाले कायले पाहिजे? तुमी तर भाकर बी दुसऱ्याच्या हातून देता."

जमीनदार रागानं गेला. माझा बाप म्हणाला, उगाच मोठ्या माणसाशी वाकडं घेतलं. चाचा म्हणाला, "मोठा असन. हात मऊ हाय."

आता त्या शिकवणीचा दुसरा भाग सांगते. तो मला तेव्हाही आवडला नव्हता. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं झालं की चाचा गावातल्या माणसांना बोलवायचा. प्रत्येकाच्या हातात भाकरीचा तुकडा द्यायचा. आत तिखटाचा गोळा, वरून तूप. माणसानं प्रेमानं बोलून तो तुकडा पिल्लाला द्यायचा. पिल्लू खायचं आणि मग लोळायचं, तोंड मातीत घासायचं, ओरडायचं. एवढ्यात ज्याचं पिल्लू तो, बहुतेक चाचाच, येऊन त्याला ताक पाजायचा आणि साधी भाकर द्यायचा. दहा-पंधरा हात असे झाले की पिल्लू समजायचं, तरी चाचा गावातला एकही हात सोडायचा नाही. जगात एकच हात खरा, बाकी सगळे खोटे.

मी नऊ वर्षांची असेन. मलाही बोलावलं. मी म्हटलं, "मी नाही देत."

"काऊन नाही देत वं? उद्या चोराच्या हातचं खाऊन मेलं, तर बरं होईन का?"

मी दिलं. त्या पिल्लाचं नाव जंगी. त्यानं खाण्याआधी माझे हात चाटले होते. नंतर ते माझ्याकडं बघून मागं सरकलं, बस. चावलं नाही. मी घरी येऊन हात धुतले, तिखटानं आग होत होती.

सगळ्यात शेवटचा हात अमीनाबीचा असायचा. प्रत्येक पिल्लाच्या वेळी. ती कुत्र्याला शिवत नसे, म्हणून चिमट्यात तुकडा धरून पुढं करायची. माझ्या आईनं विचारलं, तिला बिचारीला कशाला ओढता यात. चाचा म्हणाला, "वैनी, तिचा वास तर माह्या कपड्याले हाय. कुत्रं सगळ्यात आधी तिच्यावरच इस्वास टाकन. मंग चोर तिच्या दारातूनच येईन." त्याला वाटायचं आपण फार लांबचा विचार केला.

आणि त्याचं खरंही व्हायचं, हेच वाईट. एका सकाळी वाडग्याच्या कुंपणाबाहेर मटणाचे तुकडे पडलेले दिसले. रात्री गुरं चोरायला आलेल्यांनी टाकलेले. तुकड्यांच्या भोवती सात कावळे मरून पडले होते. आत जंगी बसलेला, तोंड कोरडं. अख्खं गाव पाहायला गेलं. त्या दिवशी चाचा पाठ सरळ करून चालत होता. पुढं महिनाभर लोक सात कावळ्यांची गोष्ट सांगत होते. माझ्या बापानं ते कावळे नऊ केले.

दुसरी गोष्ट लोक सांगत नसत. खालच्या गावात एका म्हाताऱ्या धनगरणीला त्यानं एक कुत्रा दिला होता. ती हिवतापानं मेली. कुत्रा कोणाच्या हातचं खाईना. तिच्या लेकानं दूध ठेवलं, मटण ठेवलं. शेवटी निरोप पाठवला. चाचा गेला. त्यानं स्वतः भाकर पुढं केली, पण पिल्लूपणीच तो कुत्रा धनगरणीच्या हातावर गेला होता, आता चाचाचाही हात खोटा. कुत्रा अठराव्या दिवशी मेला. चाचा परत आला तेव्हा मी वाडग्यात वाळलेल्या शेण्या आणायला गेले होते. माझा बाप म्हणाला, "काय झालं?"

"मेला," चाचा म्हणाला. मग म्हणाला, "पण पक्का निघाला."

हे मी माझ्या कानानं ऐकलं. त्याच्या तोंडावर दुःख होतं, आणि दुःखाच्या वर अभिमान होता. मी लहान होते, तरी मला राग आला. कोणाला सांगितला नाही.

बलुची कुत्रीची नात साप चावून मेली. चाचाकडं त्या रक्ताचा जंगी एकटा उरला. चाचा म्हणायचा, पाऊसकाळ सरला की याच्यासाठी चांगली मादी पाहतो. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी, सकाळी न्याहारीच्या वेळेला, माझा बाप धावत घरी आला आणि अमीनाबीच्या दारात उभा राहून म्हणाला, "भाबी, चला. खाँसाब पडले."

मीही मागं गेले. चाचा वाडग्याच्या मधोमध पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाखाली दबलेला. लकवा. डोळे उघडे, सगळं कळत होतं. आणि त्याच्या भोवती जंगी फिरत होता, भुंकत नव्हता, नुसता फिरत होता. माझ्या बापानं एक पाऊल आत टाकलं की तो समोर यायचा. चाचा त्याला हुकूम द्यायचा प्रयत्न करत होता, पण जीभ वळत नव्हती. तोंडातून जे येत होतं ते कुत्र्याला ओळखू येईना. धन्याचा आवाजच बदलला.

चार माणसं कुंपणाबाहेर उभी, आत माणूस उन्हात पडलेला. पाणीसुद्धा देता येईना. अमीनाबी कुंपणाशी बसून त्याच्याशी बोलत होती. शेवटी बापानं दोर आत फेकला. चाचानं डाव्या हातानं तो ओढून घेतला, जंगीला जवळ घेतलं आणि खिळ्यांच्या पट्ट्यात दोर ओवू लागला. एका हातानं, आडवा पडून. खिळे बोटात जात होते. ओवायला गेला की जंगी हलायचा, दोर निसटायचा. सूर्य डोक्यावर आला तेव्हा कुठं गाठ बसली. दुसरं टोक बापानं काठीनं बाहेर ओढून निंबाच्या कुंपणाबाहेर आलेल्या फांदीला आवळून बांधलं. मग त्याला उचलून गाडीत घातलं.

गाडी गावात पोचायच्या आत दोर तोडून जंगी मागं आला. चाचाला घरात नेलं आणि तो उंबऱ्याबाहेर बसला. अमीनाबीनं त्याला हाकललं नाही.

बाहेरगावचे एक हकीम आले. नाडी पाहिली, आणि बाहेर येऊन माझ्या बापाला म्हणाले, आठ दिवस, फार तर पंधरा. चाचानं आतून ऐकलं. कान शाबूत होते. त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला, जंगीचा हात बदलायचा. स्वतःचं मरण त्याला मोठं वाटत नव्हतं. धनगरणीचा कुत्रा त्याच्या डोळ्यासमोर होता. तो त्यानं अठरा दिवस मरताना पाहिला नव्हता, शेवटचे दोनच दिवस पाहिला होता. तेवढं पुरे होतं.

हळूहळू त्याचं बोलणं थोडं कळू लागलं होतं. पहिल्यांदा मोताळ्याहून भाच्याला बोलावलं, नवा हात म्हणून. जंगीनं त्याला ओसरीवरही चढू दिलं नाही. मग गावात शोधलं, पण गावात एकही हात कोरा राहिला नव्हता. सगळ्यांनी तिखट दिलेलं. उरली अमीनाबी. निदान तिला तो जवळ येऊ देत होता.

"मी नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी या जनावराची सावली नाही घेतली. आता मरता मरता मले नापाक करू राह्यले का?"

चाचानं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून पाहिलं, तर अमीनाबी चुलीपुढं बसली होती आणि भाकरीचा तुकडा काखेत धरला होता. माझ्याकडं लक्ष गेलं तर म्हणाली, "पाहू नको वं. जाय आपल्या कामाले."

चाचाची खाट तिनं दाराशी ओढली. त्याच्या डाव्या हातात तुकडा दिला आणि त्याचा हात खालून आपल्या हातात धरला. दोन हातांतून जंगीनं खाल्लं. त्याची लाळ तिच्या मनगटावर आली. तिनं डोळे मिटून घेतले. मग मागल्या दारी जाऊन तिनं हात धुतले, सात वेळा, एकदा मातीनं, जसा तो धुवायचा. असं आठ दिवस चाललं. रोज चाचा आपला हात थोडा मागं घ्यायचा. आधी बोटं, मग पंजा. नवव्या दिवशी तुकडा नुसता तिच्या हातात होता. जंगीनं तो तोंडात घेतला. त्यानं तो तुकडा जमिनीवर ठेवला. थुंकला नाही. हळूच ठेवला आणि चाचाकडं पाहिलं.

दहाव्या दिवशी तसंच. अकराव्या दिवशी तसंच. चाचाचा हात लागला की खायचा.

"मीच," चाचा म्हणाला. शब्द नीट फुटत नव्हते, पण हा कळला. "मीच केलं. तुहा हात मीच मारला." अमीनाबी भाकरीचा तुकडा उचलत होती. म्हणाली, "मले काय सांगता, त्याले सांगा."

बाराव्या दिवशी त्यानं माझ्या बापाला बोलावलं आणि अफू आणायला सांगितली. सोनाळ्याच्या सरकारी दुकानातून. बाप समजला आणि नाही म्हणाला. चाचा म्हणाला, "मंग मी गेल्यावर तू पाहशीन का भाऊ, तो कसा मरते ते?" बाप गेला आणि घेऊन आला.

दुपारची नमाज झाल्यावर अमीनाबीनं गूळ-तुपाचा मलिदा केला आणि त्यात अफू कालवली. चाचाचा डावा हात इतका थरथरत होता की मलिदा सांडत होता. तिनं पुन्हा खालून हात धरला. जंगीनं सगळं खाल्लं, दोघांचे हात चाटले. चाटताना ती मागं सरकली नाही. मग त्याला झोप येऊ लागली. त्यानं तोंड उंबऱ्यावर ठेवलं, निम्मं घरात, निम्मं बाहेर. तिनं तेही राहू दिलं.

खूप वेळानं आतून आवाज आला, "झोपला?"

"झोपला," ती म्हणाली.

संध्याकाळी माझ्या बापानं आणि तिघांनी जंगीला वाडग्यात नेऊन पुरलं. चौघांना उचलेना.

आणि चाचा मेला नाही.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. तोंड थोडं सरळ आलं, बोलणं सुधारलं. होळीला तो भिंत धरून उभा राहिला. उजवा हात गेला तो गेलाच, पण माणूस जगला, पुढं तीन वर्षं. माझी आई एकदा म्हणाली, देवाची करणी. अमीनाबी म्हणाली, "देवाचं नाव नका घेऊ बाई. तो हकीम एकदा भेटू द्या मले." हकीम आमच्या गावाला पुन्हा आलेच नाहीत.

लोक म्हणायचे, त्यानं कुत्र्याच्या भल्यासाठी केलं. मी म्हणते, त्यानं चूक केली, आणि त्या दिवशी नाही, फार आधी केली. अख्ख्या गावाचे हात खोटे केले आणि त्याला शिकवण म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याइतका कुत्र्यावर जीव लावणारा मी दुसरा पाहिला नाही. पण जीव लावायची त्याची तऱ्हा अशी होती. पिल्लं मागायला लोक आणखी वर्षभर येत राहिले. तो म्हणायचा, संपली. कशी संपली ते सांगायचा नाही. कडुनिंबावरचं मडकं माझ्या बापानं उतरवून आणून दिलं, ते अमीनाबीनं पाणी तापवायला घेतलं.

तिसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. सासर चिखलीकडं, लांब. निघताना बापानं गाडी त्यांच्या दारापुढं थांबवली, पाया पड म्हणाला. चाचा अंगणात खाटेवर होता. खूप वाळला होता. मी वाकले तर त्यानं माझे हात धरले, डाव्या हातानं, आणि सवयीनं उलटे-पालटे करून पाहिले.

"सासरी कुत्रं हाय का?"

"हाव चाचा. गावरान हाय एक."

"खाऊ कोण घालते?"

"माहीत नाही. सगळेच घालत असतीन."

"घालू दे," तो म्हणाला. "सगळ्याईच्या हातचं खाऊ दे त्याले. तू बी घाल."

मी हाव म्हटलं. गाडीत बसल्यावर मागं पाहिलं. ऊन वर आलं होतं. अमीनाबी खाट धरून त्याच्यासकट सावलीकडं ओढत होती, आणि तो डावा हात हलवून तिला राहू दे, राहू दे म्हणत होता. ती ऐकत नव्हती.